काट्यावरचे साठ

१

डेपोत येऊन बाईंना अर्धा तासही झाला नसेल, तोवर ड्रायव्हर मंडळींनी त्यांना नाव पाडलं होतं. शून्यबाई. ते बाईंच्या कानावर आलं आणि त्यांना हसू आलं, कारण नाव ठेवणाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं. सव्वीस वर्षं त्या मालवाहू गाड्यांची आणि डेपोंची सुरक्षा तपासत होत्या आणि कुठंही गेल्या तरी त्यांचं पहिलं वाक्य एकच असायचं, "आधी रिकामं दाखवा." टायरची हवा बघण्याआधी हवेचं मीटर नुसतं हातात धरून त्याची सुई शून्यावर येते का ते बघायचं. ब्रेक दाबण्याआधी न दाबलेला ब्रेक बघायचा. भरलेलं मोजायला सगळ्यांनाच आवडतं, रिकाम्याकडे कुणी ढुंकून बघत नाही आणि चुका नेमक्या तिथंच दडी मारून बसतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा डेपो घाटापलीकडे सिमेंट पोचवायचा. तीन वर्षांत त्याच्या दोन गाड्या घाटाच्या सातव्या वळणावरून खाली गेल्या होत्या. दोन्ही भर दुपारी, कोरड्या रस्त्यावर. ब्रेक शाबूत, टायर नवे, ड्रायव्हर घाट तोंडपाठ असलेले आणि दारूला न शिवणारे. दोघंही वाचले नाहीत. आता घाटाचा परवाना शुक्रवारी संपत होता आणि तो पुढे द्यायचा की नाही हे बाईंच्या सहीवर होतं. सही केली आणि तिसरी गाडी गेली, तर तो माणूस आपल्या माथी, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. सही नाही केली तर डेपोला कुलूप आणि बेचाळीस ड्रायव्हर घरी. हातात तीन दिवस होते.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी गाड्या, कागद आणि माणसं उलटीपालटी करून बघितली. सगळं चोख होतं. मग उरला फाटकाजवळचा वजनकाटा: जमिनीच्या पातळीत बसवलेला लांबलचक लोखंडी पाट, त्यावर गाडी उभी राहायची, आणि शेजारच्या खोलीत काचेच्या खिडकीमागे लाल आकड्यांचा डबा. डब्यापुढे काटेवाले काका. निवृत्तीला वर्ष राहिलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, स्वभावानं गोड. ते खुर्ची पुसून म्हणाले, "बसा बाई. काटा एकदम फर्स्ट क्लास आहे."

काट्यावर काही नव्हतं. डब्यावर शून्य होतं. बाईंचं समाधान व्हायला हवं होतं. पण त्या म्हणाल्या, "काका, डबा एकदा बंद करून चालू करा. आणि हात मागे. काही दाबायचं नाही."

काकांनी खाकरून वेळ काढला. मग केलं. आकडे विझले, पुन्हा उजळले, आणि रिकाम्या काट्यावर स्थिर झाले. साठ.

"हे रोजचंच आहे हो," काका घाईनं म्हणाले. "सकाळी चालू केला की साठ दाखवतो. मी शून्याचं बटण दाबतो, की दिवसभर बिनबोभाट चालतो. खाली माती बसली असेल, दुसरं काय?"

माती बसते, हे खरं होतं. बाईंनी असे शंभर काटे बघितले होते. पण माती आज तीस असते, महिन्यानं चाळीस, पाऊस आला की सत्तर. "रोज साठच?" त्यांनी विचारलं.

"रोज साठच," काका म्हणाले आणि सवयीनं त्यांचं बोट बटणाकडे गेलं.

२

दुपारी पाटाखालचा खड्डा साफ झाला. दोन टोपल्या चिखल, एक तुटका पाना आणि कुणाचीतरी एक चप्पल निघाली. बाईंनी स्वतः खाली वाकून बॅटरी मारून बघितलं. चारही पाय कोरडे, मोकळे, कुठं काही टेकलेलं नाही. वर येऊन हात झटकत त्या म्हणाल्या, "आता लावा."

साठ.

संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये बाईंच्या मनात तेवढंच घोळत होतं. त्यांना काळजी वाटत होती असं नाही. उलट कित्येक दिवसांत न आलेला हुरूप आला होता. सव्वीस वर्षांत यंत्रांनी त्यांच्याशी नाना प्रकारे खोटं बोलून झालं होतं, पण हे नवीन होतं.

घरी नवऱ्यानं दार उघडलं. तो शिंपी. दुकान मुलीच्या हवाली करून दोन वर्षं झाली होती, पण डोळे काही निवृत्त झाले नव्हते. दारातून येणारा कुणीही असो, पाहुणा, शेजारी, टपाल आणणारा, त्याची नजर माणसाच्या खांद्यावर टेकायची आणि सरळ घोट्यापर्यंत उतरायची. माप झालं की मग तो बोलायचा. बाईंना लग्नाआधी ह्याचा राग यायचा, आता त्या चिडवायच्या.

"घेतलंत का माप? आहे ना तेवढीच?"

"एक बोट वाकलीस. खड्ड्यात उतरली होतीस का?"

"काट्याखाली. अहो, साठ किलोचं काय असतं?"

"तू," तो म्हणाला. "अठ्ठावन्न म्हणतेस, पण साठच धर."

बाई हसल्या. जेवताना मात्र त्यांना वाटलं, की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यानं बरोबर दिलं होतं. साठ किलो म्हणजे एक माणूस.

३

दुसऱ्या दिवशी बाईंनी डबा उघडला. पाटाच्या चार कोपऱ्यांखाली वजन ओळखणारे चार सेन्सर असतात आणि डबा त्या चौघांची बेरीज करून एकच आकडा दाखवतो, तोही दहा-दहाच्या पायरीनं. दुरुस्तीच्या वेळी डब्याला वेगळ्या पद्धतीनं लावलं की ते चौघं सुटे सुटे बोलतात, आणि किलोकिलोनं बोलतात. बाईंचा विचार साधा होता. मातीचं किंवा गंजाचं वजन असेल तर ते कुठल्यातरी एकाच पायावर येईल. तो पाय बदलायचा, विषय संपला.

आकडे आले. खोलीच्या बाजूच्या दोन पायांवर जवळजवळ सगळं, दूरच्या दोघांवर नावाला. बेरीज एकसष्ट. मग बासष्ट. मग पुन्हा एकसष्ट.

"हलतोय," काका म्हणाले.

"वारा असेल."

वारा नव्हता. बाहेर झेंड्याचं फडकं गप्प लोंबत होतं. बाई आकड्यांकडे बघत राहिल्या. माणूस काट्यावर कितीही स्तब्ध उभा राहिला तरी त्याचं वजन असंच एखाद्या किलोनं मागेपुढे होतं, कारण तो श्वास घेतो, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतो. हे बाईंना माहीत होतं. माहीत असून त्यांनी ते बोलायचं टाळलं.

"वायरी बदलू," त्या म्हणाल्या. पहिल्या पायाची वायर तिसऱ्याला, तिसऱ्याची पहिल्याला. वायर खोटं बोलत असेल तर खोटेपणा वायरीबरोबर जाईल. पण तो जागचा हलला नाही. खोलीच्या बाजूच्या पायांवरच राहिला. म्हणजे वायर खरी, पाय खरा, डबा खरा. वजन खरं.

चहा आला. काकांनी कप पुढे केला. बाई कप घेऊन खिडकीशी गेल्या आणि काचेतून पाटाकडे बघितलं. ऊन, लोखंड, टायरच्या काळ्या खुणा. काचेपासून हातभर अंतरावर पाटाची कड. तिथं काहीही नव्हतं, आणि ते काहीही नसणं बाईंनी अगदी मन लावून बघितलं. चहा संपवून त्या डब्याकडे वळल्या तेव्हा खोलीच्या बाजूचे दोन्ही आकडे शून्याला आले होते. एकसष्ट किलो पलीकडच्या टोकाला, फाटकाशी गेले होते.

"माती चालत नाही, काका," बाई म्हणाल्या. आवाज आपलाच आहे ना, असं त्यांना क्षणभर वाटलं.

काकांनी कप खाली ठेवला. बशीत खूप चहा सांडला होता. ते म्हणाले, "बाई, तुम्ही रागावणार नसाल तर एक वही दाखवतो."

४

वही शाळेतली, चौकटींची. रोज सकाळी डबा चालू केल्यावर जो पहिला आकडा येई तो काकांनी लिहून ठेवला होता, चार वर्षं, एकही दिवस न चुकवता. कुणी सांगितलं नव्हतं. "आपली सवय," ते म्हणाले. "दाबून टाकतो ते निदान कुठंतरी लिहिलेलं असावं."

साठ, साठ, साठ. पानंच्या पानं साठ. बाई बोट फिरवत गेल्या आणि मध्येच शून्य लागलं. सलग एकोणीस दिवस शून्य. बाईंचा जीव भांड्यात पडला. "हे बघा, इथं काटा बरोबर होता. कुणी दुरुस्त केला होता?"

"कुणीच नाही."

पुढं पुन्हा साठ. जवळजवळ दोन वर्षं साठ. मग परत शून्य, ह्या वेळी सव्वीस दिवस. बाईंचं बोट ह्या खेपेच्या पहिल्या शून्यापुढच्या तारखेवर आलं आणि तिथंच थांबलं. तिच्या आदल्या दिवसाची तारीख त्यांना फाइल न उघडता आठवत होती. त्यांनी मागची पानं उलटली. पहिल्या वेळची तारीखही आठवत होती. दोन्ही वेळा गाडी घाटात गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी काटा शून्यावर आला होता.

खोलीत पंखा कुरकुरत होता. बाई स्वतःशीच वाद घालत होत्या. दोनच वेळा घडलंय. दोन ठिपक्यांतून रेघ केव्हाही ओढता येते. पण खरी मेख त्यांना दिसली होती. कुणी तपासायला आलं असतं तर त्यानं चुकीचे दिवस शोधले असते, साठचे. शून्याच्या दिवसांकडे कुणी बघितलंच नसतं. त्यांनी तरी कुठं बघितलं असतं?

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या वेळी लक्षात आलं." काका चष्मा काढून पुसत होते, पुसून झाला तरी पुसत होते. "सांगणार कुणाला, बाई? काटा बिघडलाय म्हटलं की आठ दिवस डेपो बंद, आणि वरून म्हातारा चळला म्हणणार. मी आपला शून्य दाबत गेलो. रोज सकाळी. दिसेनासं केलं की झालं, असं वाटायचं." मग एकदम म्हणाले, "उद्या तुमची चाचणीची फेरी आहे ना घाटात? डेपोच्या साहेबांनी कुणाला नेमलंय ठाऊक आहे? माझ्या जावयाला. पोरीचा संसार आहे, बाई. त्याला नका पाठवू."

बाईंना त्या म्हाताऱ्याची फार दया आली. रागही आला. त्यांनी वही मिटली. परवाना नाकारायला कारण हवं, आणि काट्यावर कुणीतरी उभं असतं असं कुठल्या रकान्यात लिहायचं? शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी काकांना सांगितली नाही. त्यांना बघायचं होतं.

"जावईबापू एकटे नाही जाणार," त्या म्हणाल्या. "मी बसते शेजारी. उद्या सकाळी तुम्ही बटणाला हात लावायचा नाही. डब्यावर साठ असतील ते असू देत. गाडी काट्यावर येईल, वजन होईल, गाडी उतरेल. उतरल्यावर डब्यावर साठ राहिले, तर तो जिथला तिथं आहे. आम्ही जाऊ. आणि शून्य आलं..."

"शून्य आलं तर?"

"तर ताबडतोब फोन करा."

आयुष्यभर ज्या आकड्यासाठी जीव टाकला, त्याची भीती घालताना बाईंना फार चमत्कारिक वाटलं.

५

जावई हसरा गडी होता. ऐंशी किलोचा, मिशीला तेल लावणारा. नव्या गाडीची हवेवर चालणारी सीट बाईंना त्यानं कौतुकानं दाखवली. तो बसला की सीट फुस्स करून चार बोटं खाली जायची, उठला की फुस्स करून वर यायची. "आमच्या सासऱ्यांसारखी आहे," तो म्हणाला. "बसताना पण उसासा, उठताना पण उसासा."

गाडीत तिघांची जागा. बाई पलीकडच्या खिडकीशी बसल्या आणि मधल्या जागेवर त्यांनी आपली पिशवी ठेवली. सकाळचे साडेदहा वाजले होते. काट्यावर चढण्याआधी त्यांनी खाली उतरून डबा बघितला. साठ. काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते.

गाडी काट्यावर उभी राहिली, वजन झालं, फाटक उघडलं. साहेबांना बाईंनी निक्षून सांगितलं होतं, आमच्यामागे काटा दोन मिनिटं रिकामा ठेवा. पण साहेबांच्या मागे सकाळची घाई होती. बाईंची गाडी काट्यावरून पुरती उतरतेय न उतरतेय, तोच मागची गाडी चढली आणि तिच्यामागे आणखी पाच रांगेत. बाईंनी आरशात ते बघितलं आणि त्यांना कपाळावर हात मारावासा वाटला. थांबवावं का? फोन तर आला नाही. त्या काही बोलल्या नाहीत. पुढं जाऊन त्यांना स्वतःचा सगळ्यात जास्त राग आला तो ह्याच गोष्टीचा.

६

घाट सुरेख होता. जावई बोलका होता, त्यामुळे पहिली तीन वळणं कधी गेली कळलंही नाही. तो पोरीच्या शाळेबद्दल सांगत होता. बाई ब्रेकचा दाब, इंजिनाचं तापमान वहीत टिपत होत्या. सगळं ठीक. गाडी शहाण्यासारखी चढत होती.

चौथ्या वळणावर तो म्हणाला, "बाई, घाबरलात का? दाराला अगदी चिकटून बसलाय."

बाईंनी बघितलं. खरंच त्या दाराला चिकटल्या होत्या. खांदा काचेला, गुडघे एकमेकांना घट्ट मिटलेले, वही मांडीवर उभी धरलेली. अवघडून पाठ दुखायला लागली होती. कधीपासून? फाटकापासून असणार. आणि पिशवी त्यांच्या पायाशी होती. मधल्या जागेवरून ती त्यांनीच उचलून खाली ठेवली असणार, आपण कुणी बसायला आलं की उचलतो तशी. त्यांना आठवेना.

मग त्यांनी जावयाकडे बघितलं. एवढा धिप्पाड गडी, मोकळी गाडी, आणि त्यानं आपलं आतल्या बाजूचं कोपर अंगाशी घेतलं होतं. गिअर टाकताना तो हात वरून, वळसा घालून नेत होता. मध्ये कुणाचा तरी गुडघा असावा आणि त्याला धक्का लागू नये, असा.

"तुम्ही पण अंग चोरून बसलाय," बाई हळूच म्हणाल्या.

तो हसला. मग त्यानं आपल्या कोपराकडे बघितलं आणि त्याचं हसू मावळलं.

पाचव्या वळणापुढं फोन वाजला.

"बाई," काकांना धाप लागली होती. "रांग आत्ता संपली. काटा आत्ता रिकामा झाला."

"किती?"

"शून्य, बाई. शून्य आलंय. साहेब टाळ्या वाजवतायत, काटा सुधारला म्हणून."

७

"गाडी थांबवा," बाई म्हणाल्या. "इथंच. हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा, किल्ली घ्या आणि उतरा."

तो काही न विचारता उतरला, ह्याबद्दल बाईंनी त्याचे नंतर आभार मानले. चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे त्यानं पक्के लावले. मग दोघं रस्त्याच्या आतल्या बाजूला, डोंगराला पाठ लावून उभे राहिले. सहावं वळण वर दिसत होतं. त्याच्यापलीकडे सातवं. ऊन होतं, कुठंतरी पाणी झिरपत होतं, आणि गाडी त्यांच्यासमोर मुकाट उभी होती.

"काय झालंय, बाई?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं.

तेवढ्यात आवाज आला. फुस्स.

जावयाचा हात आपोआप बाईंच्या दंडावर आला. दोघांनी मान वर करून बघितलं. उघड्या दारातून ड्रायव्हरची सीट दिसत होती. ती हळूहळू चार बोटं खाली गेली आणि तिथं राहिली. गादीवर आणि पाठीच्या टेकणीवर पार वरपर्यंत खोलगट वळ्या पडल्या होत्या. बराच वेळ काही झालं नाही. मग पुढच्या चाकाखालचा ठोकळा एकदा करकरला, गाडी रेटून बघावी तसा. एकदाच. ठोकळा टिकला.

बाईंना भीती वाटत होती. पण त्यांनी डोळे मिटले नाहीत. वळ्यांवरून त्या अंदाज घेत होत्या. उंच असावा. बारीक.

फुस्स. सीट वर आली.

दोघंही थांबले. गाडीतून कुणी उतरलं नाही, कुणी उतरताना दिसलं नाही. शेवटी जावई म्हणाला, "मी नाही चढणार आता हिच्यात."

"नकाच चढू. आपण चालत जाऊ खाली."

८

सव्वा तास लागला. जावई पुढे, बाई मागे. उतारावर तो दोनदा थांबला आणि म्हणाला, "पुढं या ना बाई, बरोबरीनं." बाई म्हणाल्या, "चाला तुम्ही." रस्ता रुंद होता तरी त्या कडेकडेनं चालत होत्या.

डेपोच्या फाटकाशी काका धावत आले आणि जावयाला त्यांनी लहान पोरासारखं कुरवाळलं. बाईंनी त्यांना परत खिडकीत पाठवलं. "डबा बघा," त्या म्हणाल्या. "आम्ही एकेक करून काट्यावरून येतो. मोठ्यानं वाचा."

आधी जावई गेला. मध्यभागी थांबला. "ऐंशी!" काका ओरडले. तो पलीकडे उतरला. "शून्य!"

जावयानं जमिनीवर बसकण मारली आणि तो रडला. त्याला लाज वाटली नाही आणि कुणी हसलंही नाही.

मग बाई काट्यावर चढल्या. लोखंड पायाखाली किंचित दबलं. त्या मध्यभागी थांबल्या. अठ्ठावन्न किलो, दहाच्या पायरीनं साठ. खिडकीतून आवाज आला नाही.

"काका?"

काकांचा चेहरा काचेमागे होता. त्यांचा हात बटणाकडे निघाला होता, रोजच्या सवयीनं, आणि मध्येच थांबला होता.

"दाबू नका. वाचा."

"एकशे वीस," काका म्हणाले. एवढ्या हळू, की बाईंना ते ओठांवरूनच कळलं.

बाईंनी पायाखालच्या लोखंडाकडे बघितलं. मग पाऊल उचलून पलीकडे उतरल्या. "आता?"

"शून्य." काका रडवेले झाले होते. "बाई, मागे फिरा. परत चढा काट्यावर. उतरेल तो. इथलाच आहे तो."

बाईंनी मागे वळून काट्याकडे बघितलं. चार वर्षं तो तिथं उभा होता आणि रोज सकाळी बोटानं पुसला जात होता. त्याला माणूस म्हणून मोजलं होतं ते बाईंनीच पहिल्यांदा. परत चढल्या तर कदाचित उतरेल. आणि मग उद्या, परवा, दोन वर्षांनी, बेचाळिसांपैकी कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसेल.

"नको," त्या म्हणाल्या. "कागद आणा."

त्यांनी तिथंच, काकांच्या टेबलावर लिहिलं. गाड्या सुस्थितीत. ड्रायव्हर सक्षम. वजनकाटा तपासला, रिकामा असताना शून्य दाखवतो. घाटाचा परवाना पुढे चालू ठेवण्यास हरकत नाही. सव्वीस वर्षांत इतका खरा अहवाल त्यांनी लिहिला नव्हता. खाली सही केली. साहेबांनी घरी सोडायला आपली गाडी देऊ केली. बाई म्हणाल्या, "नको, मी चालत जाईन."

"अहो, नऊ किलोमीटर आहे!"

"असू दे. बसही नको. गाडीच नको."

काकांना तेवढं समजलं. ते फाटकापर्यंत आले आणि हात जोडून उभे राहिले.

९

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. वाटेत फुटपाथवर समोरून येणारी माणसं बाईंना वाट देत होती आणि जरुरीपेक्षा जास्त सरकत होती, दोघं जण चालत असावेत तशी. त्यांची कुणाची काही चूक नव्हती. बाई दमल्या होत्या, त्यांचे पाय सुजले होते, आणि तरी अर्ध्या वाटेपासून त्या एकच विचार करत होत्या: ह्याला कुठं जायचं असेल?

त्यांनी कडी वाजवली. आता घरात कुणाला गाडीत बसू द्यायचं नाही, मुलीला नाही, ह्यांना नाही. हे सगळं कसं सांगायचं ते त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं.

नवऱ्यानं दार उघडलं. नजर सवयीनं बाईंच्या खांद्यावर टेकली, घोट्यापर्यंत उतरली. "केवढा उशीर," तो म्हणाला. "आणि चालत आलीस की काय? चल, पाय धू."

बाई त्याला ओलांडून आत गेल्या. पाठीमागे दार लागल्याचा आवाज आला नाही, म्हणून त्या वळल्या.

तो दार धरून उभा होता, अंग चोरून, भिंतीला टेकून. त्याची नजर उंबऱ्याच्या वर, बाईंच्या उंचीपेक्षा बरीच वर टेकली होती. ती तिथून हळूहळू खाली उतरली, खांद्यापासून घोट्यापर्यंत. मग त्यानं दार लावून घेतलं.